सस्पेन्शनचं काम झालं आणि पुढचं चाक हलतंय? आधी पाना खाली ठेवा

बुश (सांध्यात बसणाऱ्या रबरी किंवा धातूच्या नळ्या) बदलले, किंगपिन (ज्या उभ्या पिनभोवती पुढचं चाक वळतं ती) नवीन टाकले, सगळं घासूनपुसून रंगवून परत बसवलं, चाक लावलं आणि सहज म्हणून टायर वर-खाली धरून हलवून बघितला तर टक टक. जुन्या गाडीवर पहिल्यांदा स्वतः हात चालवणाऱ्याला ही टकटक बहुतेक भेटतेच. आणि डोक्यात पहिलं काय येतं, तर नवीन पार्ट डुप्लिकेट निघाला. माझंही तेच झालं होतं, दोन रविवार घालवले, किंगपिन परत काढले, उजेडात धरून बघितले, परत बसवले, चाक तेवढंच हलतंय. शेवटी कळलं काय, तर हबचा (चाक ज्याच्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागाचा) नट मीच घाबरून जरा जास्त सैल ठेवला होता, किंगपिनचा काही संबंधच नव्हता.

म्हणून सांगतो, सैलपणा नेमका कुठल्या सांध्यात आहे हे कळेपर्यंत काहीही आवळायचं नाही आणि काहीही उघडायचं नाही. आवळून प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, गायब झाला की आपल्याला वाटतं जमलं, पण कधीकधी तो फक्त झाकलेला असतो आणि बेअरिंग आतल्या आत भाजत असतं.

आधी गाडी नीट उचला

सपाट आणि कडक जमीन बघा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावा, नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका, कारण सिट्रोएन डीएस किंवा साब ९९ सारख्या काही गाड्यांत हँडब्रेक पुढच्याच चाकांवर असतो आणि तीच चाकं तुम्ही हवेत उचलणार आहात. व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच एकदा पान्याने तपासून घ्या. हे सगळ्यात आधी, कारण सैल व्हील नटमुळे हलणारं चाक आणि बेअरिंग गेलेलं चाक हाताला सारखंच लागतं, आणि नवीन रंग मारलेल्या रिमवर नट बसतो तिथला रंग दबून नट ढिले पडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. हबच्या तोंडावर पावडर कोटिंगचा जाड थर असेल तर तेच होतं.

जॅकने उचला पण गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाक हलवायचं नाही, खाली तर जायचंच नाही.

स्टँड कुठे लावायचा यावर टेस्टचा निकाल अवलंबून असतो, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. डबल विशबोनच्या (चाक वर आणि खाली अशा दोन आर्मनी धरलेल्या) गाडीत स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) खालच्या आर्मवर जोर लावत असेल तर आधार खालच्या आर्मखाली, शक्य तितका चाकाच्या जवळ द्यायचा. चासिसला स्टँड लावून आर्म खाली लोंबकळत ठेवला तर स्प्रिंग खालच्या बॉल जॉइंटला (गोळा आणि वाटीच्या सांध्याला) घट्ट दाबून धरते आणि झिजलेला जॉइंटसुद्धा एकदम टाइट वाटतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर बसली असेल तर उलटं, तिथे गाडी चासिसवर उचलायची आणि वरचा आर्म लाकडाचा तुकडा अडकवून धरायचा म्हणजे वरच्या जॉइंटवरचा भार जातो. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकाच खांबात) असेल तर चासिसवर उचलून चाक मोकळं लोंबू दिलेलं चालतं. थोडक्यात काय, जो जॉइंट गाडीचं वजन उचलतो तो तपासताना त्याच्यावर वजन नको.

बारा-सहा आणि नऊ-तीन

आता चाकाला घड्याळ समजा. एक हात बारावर, एक सहावर, आणि एका हाताने ढकलताना दुसऱ्याने ओढा, मग उलटं. झटके नकोत, गाडी स्टँडवर आहे हे लक्षात असू द्या. मग हात नऊ आणि तीनवर नेऊन तेच करा. दोन्ही वेळा काय झालं ते कागदावर लिहून ठेवा, हसू नका, पाच मिनिटांनी खरंच आठवत नाही कुठल्या बाजूला किती हलत होतं.

याचा अर्थ असा लावायचा. दोन्ही दिशांना सारखंच हलत असेल तर पहिला संशय व्हील बेअरिंगवर, कारण बेअरिंग सैल असलं की हब कुठूनही धरला तरी डुलतो. फक्त बारा-सहाला हलत असेल तर किंगपिन, बॉल जॉइंट, ट्रनियन (काही गाड्यांतला आट्यांचा खालचा सांधा) नाहीतर आर्मचे बुश. फक्त नऊ-तीनला हलत असेल तर स्टिअरिंगचं काहीतरी, टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), आयडलर (दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात), स्टिअरिंगचा गिअर बॉक्स किंवा रॅक. किंगपिन कितीही झिजलेला असला तरी नऊ-तीनला तो सहसा पकडला जात नाही, कारण तुम्ही चाक त्याच्याभोवतीच फिरवत असता.

हा नियम शंभर टक्के नाही, दोन ठिकाणी थोडा थोडा प्ले असेल तर सगळी खिचडी होते. तिथे पुढची ट्रिक कामाला येते.

ब्रेकची ट्रिक

घरातल्या कोणालाही गाडीत बसवा आणि ब्रेक दाबून धरायला सांगा, आता परत बारा-सहाला हलवा. ब्रेक दाबल्यावर हब आणि स्टब ॲक्सल (हब ज्याच्यावर फिरतो तो आखूड दांडा) ब्रेकमार्फत एकमेकांना जखडले जातात, म्हणजे बेअरिंगमधल्या प्लेला जागाच उरत नाही. ब्रेक दाबल्यावर टकटक थांबली तर बेअरिंग. तेवढीच राहिली तर हबच्या मागचं काहीतरी, म्हणजे किंगपिन, जॉइंट किंवा बुश. कमी झाली पण पूर्ण गेली नाही तर दोन्हीकडे थोडं थोडं. ड्रम असो की डिस्क, दोन्हींवर हे चालतं.

माझे ते दोन रविवार वाचले असते बघा, फक्त कोणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला बोलावलं असतं तर.

नंतर डोळ्यांनी खात्री करा. मदतनीस चाक हलवतोय आणि तुम्ही टॉर्च घेऊन मागून बघताय असं. बॅकप्लेट (ड्रमच्या मागची न फिरणारी प्लेट) किंवा कॅलिपर (डिस्कला पॅडनी पकडणारा भाग) स्थिर आहे आणि फक्त ड्रम किंवा डिस्क हलतेय, तर बेअरिंग. बॅकप्लेटसकट सगळं हलतंय पण आर्म स्थिर आहे, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. आर्मसुद्धा हलतोय आणि चासिस स्थिर आहे, तर आतले बुश. डोळ्याला दिसत नसेल तर सांध्यावर बोट असं ठेवा की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर टेकेल, केसाएवढी हालचालसुद्धा बोटाला कळते.

व्हील बेअरिंग: थोडा प्ले असायलाच हवा

बहुतेक रिअर व्हील ड्राइव्ह क्लासिक गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग समोरासमोर बसवलेली असतात आणि नटाने त्यांच्यातली फट ठरते. ही फट शून्य नसते. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ती ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. आता दोन बेअरिंगमधलं अंतर असतं काही सेंटीमीटर आणि तुम्ही धरता टायरच्या कडेला, म्हणजे बेअरिंगमधली सुईच्या टोकाएवढी फट कडेपर्यंत येता येता कितीतरी पट मोठी वाटते. त्यामुळे अगदी पुसटशी टिक जाणवली तर घाबरून नट पिळू नका, ती बरोबर असू शकते. अजिबात प्ले नाही असं करायला गेलात तर बेअरिंग गरम होऊन फुगतं, ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं आणि रोलर निळे पडतात.

साध्या ॲडजस्टेबल हबला सेट करायची पद्धत अशी. चाक एका हाताने फिरवत राहा आणि फिरवता फिरवताच नट साधारण २० ते २५ न्यूटन मीटरपर्यंत आवळा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करा. मग फक्त बोटांनी, पाना न लावता, लागेल तेवढा फिरवा. आता स्प्लिट पिनचं (नट फिरू नये म्हणून घालायच्या दुमडत्या पिनचं) भोक जुळत नसेल तर जवळच्या भोकापर्यंत मागे घ्या, पुढे नाही. पिन नेहमी नवीन. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी पद्धत दिली असेल तर तीच खरी, हे आकडे फक्त अंदाज यावा म्हणून.

डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) आणि मॅग्नेटिक बेस मिळाला तर फारच छान, हबच्या तोंडावर सुई टेकवा, हब सरळ आत-बाहेर ढकला ओढा आणि आकडा वाचा. हाताच्या अंदाजात आणि गेजच्या आकड्यात किती फरक असतो हे एकदा बघाच.

सगळ्या गाड्या अशा नसतात. एमजीबीमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि शिम (पातळ चकत्या) असतात, तिथे नट ५४ ते ९५ न्यूटन मीटरपर्यंत आवळायचाच असतो आणि फट शिमवर ठरते, ०.०५ ते ०.१० मिलिमीटर. सस्पेन्शन उघडताना हब काढला आणि एखादा शिम जुन्या ग्रीससोबत चिंधीत पुसला गेला, किंवा नवीन बेअरिंग टाकून जुनेच शिम परत लावले, की फट चुकते आणि मग नट कितीही आवळा काही फरक पडत नाही. शिम कमी केला की प्ले कमी, वाढवला की जास्त. आणि स्पेसरच विसरलात तर तोच टॉर्क सरळ बेअरिंगवर येतो. फोक्सवॅगन बीटलला डाव्या स्टब ॲक्सलचे आटे उलटे असतात आणि त्याच स्टब ॲक्सलमधून स्पीडोमीटरची केबल जाते, हे माहीत नसेल तर माणूस सैल करायला जातो आणि आवळून बसतो.

नट बरोबर सेट केला, टेस्ट पास झाली, आणि ५० किलोमीटरनंतर परत हलायला लागलं तर बेअरिंगचा बाहेरचा कप हबमध्ये शेवटपर्यंत बसलेला नव्हता. कपाच्या मागे रंगाचा थर, जुनं घट्ट ग्रीस किंवा एखादी चिप असली की असं होतं, गाडी चालली की कप हळूहळू सरकून आपल्या जागी बसतो आणि फट मोकळी होते. कप ठोकताना आवाजाकडे लक्ष द्या, पोहोचेपर्यंत बोदा येतो आणि टेकला की एकदम खणखणीत. नवीन बेअरिंग जुन्या कपात घालायचं नाही, दोन्ही जोडीने बदलायचे. आणि बेअरिंगची आतली रिंग स्टब ॲक्सलवर फिरून तिथे खाच पाडली असेल तर नवीन बेअरिंगनेही काही होणार नाही, स्टब ॲक्सलच बदलावा लागतो.

एक खूण चालवताना पण मिळते. डिस्क ब्रेकची गाडी असेल आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून किंवा वळणावरून आल्यावर पहिला ब्रेक खूप खाली जात असेल पण लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर नॉर्मल लागत असेल, तर ब्रेकमधली हवा काढण्याआधी हबचा प्ले बघा. हब डुलला की डिस्क पॅडना मागे ढकलते.

किंगपिन, ट्रनियन, बॉल जॉइंट

ब्रेक दाबूनही हलतंय तर इथे या. टायरखाली लांब टॉमी (लोखंडी पहार) घालून चाक वर उचलून सोडा, फार जोर नको. वर-खाली सरळ हालचाल होत असेल तर किंगपिनचे थ्रस्ट वॉशर किंवा शिम कमी पडलेत, नाहीतर बॉल जॉइंट. बारा-सहाला डुलत असेल पण सरळ वर-खाली होत नसेल तर किंगपिनचे बुश. नवीन बुश दाबून बसवल्यावर ते रीम करून (रीमर नावाच्या हत्याराने आतून बारीक खरवडून) पिनच्या मापाचे करावे लागतात, आणि रीमर जरा जास्त फिरला की नवीन किंगपिनसुद्धा पहिल्या दिवसापासून सैल. तिथे ग्रीस भरून प्ले लपवणं हा बऱ्याच जणांचा आवडता उपाय आहे, एक-दोन दिवस चालतोही.

ट्रायम्फ हेरल्ड आणि स्पिटफायरला खाली पितळी ट्रनियन असतो, उभा लिंक त्याच्यात आट्यांनी बसतो. तो पूर्ण आत फिरवून मग एका फेऱ्यापेक्षा कमी मागे घ्यायचा, म्हणजे स्टिअरिंग दोन्ही लॉकपर्यंत मोकळं फिरतं. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे वेगळे असतात, अदलाबदल होत नाही. त्याच्यात ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल घालतात. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोहोचत नाही, आत पाणी साचून लिंक गंजतो, आणि हा लिंक तुटला तर चाक आडवं पडतं, म्हणून इथे कंजूषपणा नको.

एमजीबी आणि मॉरिस मायनरमध्ये वरचा आर्म म्हणजेच लिव्हर टाइप शॉक ॲब्झॉर्बरचा हात. खालचं सगळं नवीन केलं तरी त्या शॉकचा शाफ्ट आत झिजलेला असेल तर चाक वरच्या बाजूने हलतच राहणार, आणि लोक किंगपिनला शिव्या देत बसतात.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड नवीन टाकला असेल तर त्याच्या नटाकडे नीट बघा. टेपर (निमुळती) पिन भोकात शेवटपर्यंत ओढली गेली पाहिजे, दोन्ही बाजू कोरड्या आणि स्वच्छ, रंग नाही, ग्रीस नाही. स्प्लिट पिनचं भोक नटाच्या बरंच वर निघालं असेल तर पिन प्रमाणापेक्षा जास्त आत गेलीय, म्हणजे भोक झिजलंय किंवा पार्ट दुसऱ्याच गाडीचा आहे. खाली वॉशर घालून भोक जुळवू नका, तो टेपर कधीतरी सुटणार.

बुश: आवळलेत कसे ते आठवा

आर्मचे रबरी बुश बदलले असतील तर एकच प्रश्न, बोल्ट शेवटचे कधी आवळले? गाडी हवेत, आर्म लोंबकळत असताना आवळले असतील तर रबर त्या स्थितीत पकडलं गेलं, मग गाडी खाली उतरवल्यावर ते कायम पिळलेलं राहतं. पुढून गाडी थोडी उंच दिसते, आणि काही महिन्यांत रबर फाटून खरा प्ले येतो. सगळे बोल्ट हलके ठेवून गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडा, मग वजन चाकांवर असताना टॉर्कने आवळा. पॉलियुरेथेन बुश पिनवर मोकळे फिरतात, त्यांना हा त्रास नाही, पण बरोबर दिलेलं ग्रीस लावलं नसेल तर ते इतके कुईकुई करतात की प्ले परवडला.

बुश तपासायला आर्म आणि चासिसच्या मध्ये टॉमी घालून थोडं दाबा. रबर दबून परत येणं ठीक आहे, धातूवर धातूची टक ऐकू आली तर नाही.

नऊ-तीनचा सैलपणा

हा तपासायला गाडी जमिनीवर हवी. मदतनीसाला स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगा, चाक वळेल इतकं नाही, नुसतं चुळबूळ करायची. तुम्ही बाजूने वाकून एकेक सांधा हाताने पकडत जा, स्टिअरिंग शाफ्टचं कपलिंग, बॉक्स, ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा हात), मधला लिंक, आयडलर, शेवटी टाय रॉड एंड. हालचाल ज्या सांध्यात आत जाते आणि पलीकडे उशिरा किंवा कमी निघते तोच गुन्हेगार. बॉक्स स्वतःच चासिसवर हलतोय का ते पण बघा, काम करताना त्याचे बोल्ट सैल केले आणि तसेच राहिले असं होतं. रॅक असेल तर त्याचे क्लॅम्प. अलाइनमेंटनंतर टाय रॉडचा लॉक नट सैल राहणं तर रोजचंच.

बॉक्सवाल्या जुन्या गाडीत स्टिअरिंगच्या कडेला दोनेक सेंटीमीटर मोकळं फिरणं बऱ्याचदा चालवून घेतात, रॅकमध्ये त्याहून बरंच कमी हवं. बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू हा सगळ्यात शेवटी हात लावायचा प्रकार आहे. टाय रॉड एंडचा प्ले त्या स्क्रूने काढायला गेलात तर बॉक्स मधोमध जाम होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग सरळच होत नाही.

तारेची चाकं असतील तर

अजून एक भानगड. स्प्लाइन (दाते असलेल्या) हबवर बसणारी वायर व्हील असतील तर हब आणि चाकाचे दाते झिजल्यावर चाक पुढे-मागे खटखट करतं, गाडी चालू करताना आणि ब्रेक मारताना टक असा आवाज. तपासायला ब्रेक दाबून धरायचा आणि चाक फिरवायचा प्रयत्न करायचा, चाक थोडं फिरलं आणि हब जागेवर राहिला तर दाते गेले. मधला मोठा नट डाव्या बाजूला सरळ आट्यांचा आणि उजव्या बाजूला उलट्या आट्यांचा असतो. सस्पेन्शनचं काम करताना हब डावे-उजवे बदलले गेले तर नट चालता चालता स्वतःच सैल होतो, तेव्हा हब काढतानाच त्यांच्यावर खूण करून ठेवा.

दुरुस्तीनंतर

जे सापडलं ते नीट केलं की परत पहिल्यापासून बारा-सहा, नऊ-तीन, ब्रेक दाबून आणि सोडून. मग हळू वेगात दोन-तीन किलोमीटर फेरी मारून या, ब्रेक कमीत कमी वापरा, आणि थांबल्याबरोबर दोन्ही हबजवळ हात न्या, आधी जवळ, मग अंदाज घेऊन टेकवा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. एकच गरम असेल तर त्या बाजूचं बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक अडकतोय, चाक उचलून हाताने फिरवलं की कुठलं ते कळतं.

व्हील नट ५० ते १०० किलोमीटरनंतर परत टॉर्कने तपासा, त्याच वेळी गाडी उचलून हबचा प्ले परत बघा, कारण कप बसायचा राहिला असेल तर तो याच टप्प्यात सापडतो. पहिल्या दिवशी कागदावर जे लिहिलं होतं तो कागद तेव्हा शोधा, माझा नेहमी ग्रीसच्या डब्याखाली सापडतो.